ज्याची त्याची मर्जी

नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण लिहायला कोण अडवतंय? सुनीलकुमार. अफजलपुरात बसस्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. आधारकार्डाची नाहीतर जमिनीच्या पहाणीची, म्हणजे सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला कुणी आलं, की त्याच्या हातात हा आणखी एक कागद फुकट ठेवायचा. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'व्यक्तिस्वातंत्र्यावर वाचावीत अशी पुस्तकं'. खाली मराठीतली आणि कन्नडमधली नावं. लोक त्या कागदात भजी बांधून न्यायचे. मी चिडवलं तर म्हणायचा, "भजी संपल्यावर तरी वाचतील."

पुस्तकं दुकानातच मागच्या फळीवर होती. कुणीही न्यावीत, परत आणावीत, नाही आणली तरी हरकत नाही. त्यांत काय आहे ते मला लग्नानंतर महिन्याभरातच पाठ झालं होतं. माणूस स्वतःच्या देहाचा मालक असतो. त्याचे कष्ट त्याचे, त्याचं रान त्याचं, त्याचा निर्णय त्याचा. दुसऱ्याला इजा केली नाही तर तू असं का केलंस हे विचारायचा हक्क ना सरकारला, ना भावकीला. कुणी कुणावर जबरदस्ती करायची नाही, एवढा एकच नियम. मला ते पटायचं. पटलं म्हणूनच मी विचारायचे, मग संध्याकाळचा चहा रोज मीच का करायचा, मालक? तो हसायचा आणि उठून चहा करायचा, म्हणजे आठवड्यातून एकदा. पण बोलाचीच कढी असा माणूस तो नव्हता. जे वाचायचा ते मनापासून मानायचा.

आमचं गाव भीमेच्या काठी. निम्म्याहून जास्त घरं आमच्याच भावकीची, धनगरांची. पूर्वी सगळ्यांच्या मेंढ्या होत्या, आता बहुतेकांनी ऊस लावलाय. माझे सासरे पिराप्पा मात्र मेंढरं सोडायला तयार नव्हते. घरचं रान थोडंच, पण मेंढरांना घरचं रान लागतच नाही. तूर निघाली, ज्वारी निघाली, की शिवार मोकळं होतं. मग कळप कुणाच्याही रानात शिरतो, पडलेला पाला खातो, रात्री तिथंच बसतो, शेताला खत मिळतं. त्यासाठी कुणाला विचारायचं नसतं. कुठलाच शेतकरी त्या दिवसांत बांध दाखवत नाही.

प्रतीक्षा माझी नणंद. गुलबर्ग्याला हॉस्टेलवर राहून नर्सिंग शिकत होती. ती जन्मली तेव्हा बारशाला तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाईंची आई राजूबाई आली होती. तिनं बाळाच्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाली, ही आमच्या माउलीची. माउली म्हणजे सासूबाईंचा धाकटा भाऊ, आता टेम्पो चालवतो. आमच्या भागात मामानं भाचीशी लग्न करणं हा हक्कच आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सासऱ्यांनी त्याच दिवशी पंचांसमोर बिरोबाचा भंडारा उचलून शब्द दिला. आमच्यात त्याच्या वरची शपथ नाही.

आणि यंदा दिवाळीत पोरगी म्हणाली, नाही.

"मामा हाय त्यो माझा," ती म्हणाली. "त्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितलीया. त्याच्याशी लगीन कसं करू? मला शिकू द्या. नोकरी करू द्या."

सुनीलकुमारचे डोळे भरून आले. बहिणीला त्यानंच पुस्तकं दिली होती, खाली पेन्सिलीनं रेघा ओढून. सासूबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. पीठ मळता मळता एवढंच म्हणाल्या, "माझं माहेर तुटायलंय, त्याचं कुनाला काय."

राजूबाई पंचांकडे गेली. आता इथं आमची रीत सांगायला हवी. शब्द मोडला की पंच बसतात, दंड लावतात, आणि दंड भरेपर्यंत घर वाळीत टाकतात. कुणी बोलत नाही, कुणी येत नाही. दंड भरला, बिरोबापुढं नारळ फोडला, की त्याच दिवशी सगळे तुमच्या ओसरीवर चहाला. दर काही वर्षांनी एखादं घर असं बाहेर जायचं आणि परत यायचं. रीत वाईटच, मी तिची बाजू घेत नाही. पण परत यायचा रस्ता सगळ्यांना ठाऊक असायचा.

सासरे दंड भरायला तयार होते. सुनीलकुमारनं अडवलं. "गुन्हाच न्हाई तर दंड कशाचा, अप्पा? मी बोलतो पंचांशी." आणि काखेत पुस्तक घेऊन तो बिरोबाच्या देवळात गेला.

पंचांचे मुख्य राघोबा काका. गुलबर्ग्यात त्यांनी वर्षानुवर्षं तुरीची आडत चालवली, आता ती मुलगा बघतो आणि हे गावात असतात. आवाज कधी चढवत नाहीत. समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतात, मग थोडं थांबून बोलतात. मी बायकांत मागं बसले होते.

"तुझ्या पुस्तकात शब्द पाळायबद्दल काय लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"पाळावाच असं लिवलंय, काका. पर ज्यानं दिला त्यानं. दुसऱ्याच्या वतीनं कसा देता येईल? ती पाळण्यात व्हती."

"बाप दुसरा व्हय?"

"स्वतः सोडून समदे दुसरेच, काका."

बायका कुजबुजल्या. एक म्हातारी डोक्याला हात लावून बसली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. त्या देवळात पंचांना असं सरळ उत्तर कुणी दिलेलं मी ऐकलं नव्हतं.

राघोबा काकांनी हात पुढं केला. "ठिव ते पुस्तक हितं. वाचतो. मग बसू."

सुनीलकुमार हवेत तरंगत घरी आला. इतक्या वर्षांत गावातल्या माणसानं आपणहून मागितलेलं ते पहिलं पुस्तक. काकांना आणखी एखादं द्यावं का, कुठलं आधी द्यावं, असं मला रोज विचारायचा. मी म्हणायचे, एक पचू दे आधी.

आणि ते पचलं. पुढच्या बैठकीला राघोबा काका आले तेव्हा पुस्तकाची पानं जागोजाग दुमडलेली होती. चष्मा पुसून ते म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय. दुसऱ्याच्या वतीनं दिल्याला शब्द म्हनत न्हाईत. आमी आजवर चुकलो. पोरगी मोकळी हाय. पिराप्पाला दंड न्हाई. आनि आजपासून पंच कुनालाच वाळीत टाकायचा हुकूम काढनार न्हाईत."

कुणाचाच विश्वास बसेना. राजूबाई रडायला लागली. काकांनी तिला हातानंच थांबवलं.

"जशी पोरगी मोकळी, तशे हे समदे बी मोकळे," ते म्हणाले. "कुनाशी बोलावं, कुनाला रानात घ्यावं, कुनाचं काम करावं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पंच मधी पडनार न्हाईत. बरुबर हाय का, सुनीलकुमार?"

"बरुबर हाय, काका," माझा नवरा म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग वाकून पाया पडला.

राघोबा काकांनी हे कावेबाजपणानं केलं की खरंच पटून, यावर मी खूप विचार केलाय. अजून उत्तर नाही. बोलताना ते हसत नव्हते एवढं मी बघितलंय.

दुसऱ्या दिवशी मी दळण घेऊन चंद्रम्माच्या गिरणीवर गेले. गिरणी चालू होती. तिनं माझा डबा हातात घेतला आणि परत माझ्या हातात दिला. तिची माझी चांगली दोस्ती, तिच्या लेकीचे ब्लाउज मीच शिवते. ती खाली बघून म्हणाली, "गिरनी माजी हाय, मनीषा. दळावं का न्हाई, माजी मर्जी."

"कुनी सांगितलं तुला?"

"कुनी न्हाई. कुनी काय सांगंल मला?"

तिथून सुरू झालं. माझ्या मशीनवर शिवायला पडलेले ब्लाउज बायका अर्धवटच परत घेऊन गेल्या. नळावर मला कुणी अडवलं नाही, फक्त मी गेले की सगळ्या घागरी उचलून लांब उभ्या राहायच्या आणि मी गेल्यावर परत यायच्या. सासूबाई देवळात गेल्या की देऊळ रिकामं व्हायचं. दुकानदारापाशी साखर मागितली की साखर संपलेली असायची, पोत्यातून आमच्या डोळ्यांसमोर सांडत असली तरी. आणि ज्याला विचारावं त्याचं उत्तर एकच. माझं दुकान, माझी मर्जी. माझं तोंड, बोलायचं का नाही माझी मर्जी. सुनीलकुमारचे कागद वाया गेले नव्हते. गावानं त्यातलं नेमकं वाक्य उचललं होतं.

तूर निघाली. सासऱ्यांनी कळप नेहमीच्या रानाकडे वळवला, तर बांधावर शेतकरी उभा. हा सासऱ्यांचा लहानपणापासूनचा सोबती. "पिराप्पा, रान माजं हाय," एवढंच म्हणाला. पुढच्या बांधावर दुसरा. दोघांच्याही रानात पूर्वी आमच्या मेंढ्यांचं खत गेलेलं. सासरे कुणाशी भांडले नाहीत. कळप घेऊन रस्त्यानं चालू लागले. रस्ता तेवढा सरकारचा उरला होता.

सुनीलकुमार पोलीस ठाण्यात जाऊन आला. साहेबांनी माणूस पाठवला, त्यानं घरोघर विचारलं. कुणी हुकूम दिलाय का? नाही. कुणी दंड लावलाय? नाही. मारहाण? शिवीगाळ? छे, उलट पंचांनीच सांगितलंय की कुणाला वाळीत टाकायचं नाही. तो हवालदार आमच्या ओसरीवर बसून खरंच हळहळला. म्हणाला, एखादं तरी नाव द्या, मी लिहून घेतो.

शेवटी सुनीलकुमारनं जे केलं ते मला तेव्हा सहन झालं नाही. तो राघोबा काकांकडे गेला आणि म्हणाला, आम्हाला दंड लावा. मी सोबत होते म्हणून सांगते, त्याचा आवाज भिकाऱ्यासारखा येत होता.

"काका, जुन्या रितीनं करा. वाळीत टाका, दंड लावा. आमी भरतो, नारळ फोडतो. मग लोकांना सांगा, परत घ्या म्हनून."

राघोबा काकांनी पाणी मागवलं. आम्हाला दोघांनाही पाणी दिलं. त्यांच्या घरातलं पाणी आम्हाला मिळालं हे त्या दिवसांत मोठंच होतं. मग धाकट्याला म्हणतात तसं 'तमा' म्हणून बोलले.

"दंड कशाचा लावू, तमा? तुमी गुन्हा केला न्हाई, हे तूच मला समजावलास. आनि लोकांना मी काय सांगू? पिराप्पाशी बोला, त्याची मेंढरं रानात घ्या, असं म्हनू? ती जबरदस्ती न्हाई व्हय?"

सुनीलकुमार उठला. घरी सासूबाई वाट बघत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या पुस्तकात माझं कुठं लिवलंय रे? मी कुनाची मालक हाय?" तो चहा ठेवायला आत गेला.

मला राग त्याचा यायचा, मग गावाचा यायचा, मग फिरून त्याचाच यायचा. हुकूम असता तर मोडता आला असता. दंड असता तर दागिने विकून भरला असता. वाळीत टाकलं असतं तर कधीतरी परत घेतलं असतं. माझ्या नवऱ्यानं भांडून पंचांची सत्ता काढून घेतली, आणि तिच्यासोबत सुटकाही गेली. गावानं आता आम्हाला परत घ्यावं असा अर्ज करायचा तर कुणाकडे करायचा? तरीही प्रतीक्षाला फोनवर आम्ही दोघं सांगायचो की सगळं ठीक आहे, तू अभ्यास कर. तेवढ्या एका गोष्टीवर घरातल्या सगळ्यांचं एकमत होतं. सासूबाईंचंसुद्धा.

मग तो दिवस. सासरे मेंढरं घेऊन अफजलपूरच्या रस्त्याला होते. मी भाकरी घेऊन निघाले होते. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या लावून धावतात त्या दिवसांत, रस्ता अपुरा पडतो. वळणावर मला आधी मेंढरांचा आवाज आला. पुढं गेले तर तीन-चार मेंढरं पडलेली, मागची ट्रॉली कलंडलेली आणि सासऱ्यांचा पाय तिच्या चाकाखाली. ट्रॅक्टरवाला पोरगेलासा, तो उसातून पळत सुटला होता.

दोन्ही बाजूंच्या रानांत माणसं होती. तूर झोडत होती. मी एकेकाचं नाव घेऊन हाका मारल्या, कारण मला सगळ्यांची नावं येतात, सगळ्यांच्या घरच्या बायकांची मापं येतात. ते धावत आले, हे मी कबूल करते. बांधापर्यंत धावत आले. बांधावर येऊन थांबले आणि एकमेकांकडे बघायला लागले. आधी कुणी उतरायचं याची वाट बघत राहिले. एकजण उतरला असता तर सगळे उतरले असते, मला आजही खात्री आहे. कुणीच उतरला नाही. त्यांच्यातल्याच कुणीतरी अँब्युलन्सला फोन केला होता, कोण ते आजवर कळलं नाही. ती येईपर्यंत मी सासऱ्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. ते मला म्हणत होते, "मेंढरं बघ पोरी, दुसऱ्याच्या रानात जातील."

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

प्रतीक्षा हॉस्टेलवरून तशीच धावत आली, गणवेशात. बापाच्या जखमेची पट्टी ती स्वतः बदलायची. काय झालं ते तिला सांगावंच लागलं. रस्त्यावर मेंढरं का, याचं काय उत्तर देणार? मी सांगत होते आणि ती पट्टी गुंडाळत होती. शेवटाला एवढंच म्हणाली, "मला कामून सांगितलं न्हाईसा, वैनी?"

भावकीतलं कुणी दवाखान्यात आलं नाही. आला तो फक्त माउली, मामा. संत्र्यांची पिशवी कॉटखाली ठेवली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. बहिणीकडे बघवेना त्याला, भाचीकडे तर नाहीच.

"मागनी मी घातली न्हाई," तो सुनीलकुमारला म्हणाला. "अव्वानं, म्हातारीनं घातली. मला बी कुनी इचारलं न्हाई."

"मग हेच पंचांसमोर सांग, मामा."

"सांगितलं असतं." त्यानं पायानं पिशवी कॉटखाली आणखी आत सरकवली. "मग तुमच्यासारकंच माझं झालं असतं. मी एकटा मानूस. टेम्पो कुनासाठी चालवू?"

सासऱ्यांना घरी आणलं ते त्याच्याच टेम्पोतून. घरी आल्यावर सासरे ओसरीवर पडून असायचे. मेंढरं वाड्यात कोंडलेली, दिवसभर ओरडायची. चारा विकत कोण देतंय, सुनीलकुमार लांबच्या गावांतून आणायचा. एकेक मेंढरू विकत गेलो, तेही परक्या बाजारात. तो आवाज रोज थोडा थोडा कमी व्हायचा आणि सासरे तोंड भिंतीकडे करायचे.

प्रतीक्षा सुट्टी नसताना आली. बॅग ठेवली, बापापाशी बसली, मग उठून म्हणाली, "मी राघोबा काकाकडं जायलेय. मामाशी लगीन करते म्हनून सांगते."

सुनीलकुमार दारात आडवा उभा राहिला. "मी जाऊ देनार न्हाई."

"आडवतोस?"

"व्हय."

"जबरदस्ती करायलास?"

तो तिच्याकडे बघत राहिला. ती चिडलेली नव्हती, टोमणाही मारत नव्हती. तिनं खरंच विचारलं होतं. "अण्णा, माझा निर्नय मी घ्यायचा, असंच शिकवलास ना? मग मला घिऊ दे." तो दारातून बाजूला झाला. मी त्या वेळी त्याला मारलं असतं, इतका मला राग आला होता. आणि दुसऱ्या क्षणी वाटलं, तो बाजूला झाला नसता तर तो राघोबा काकांहून निराळा कसा ठरला असता? माझं डोकं चालेना.

परत देवळात बैठक. सगळं गाव आलं. सासऱ्यांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. त्यांचा कापलेला पाय धोतराखाली झाकला होता, आणि लोक नेमके तिकडेच न बघण्याची काळजी घेत होते. राघोबा काकांनी मधोमध भंडाऱ्याचं ताट ठेवलं.

"पोरी, तुला कुनी सांगितलं का?"

"न्हाई."

"आईबापानं? आजीनं? पंचातल्या कुनी?"

"कुनी न्हाई."

"तुझी मर्जी असंल तरच. न्हाई म्हनालीस तरी कुनी तुला काय म्हननार न्हाई. माझा शब्द हाय."

ते अगदी मायेनं विचारत होते. तेवढ्यात सुनीलकुमार उभा राहिला. "काका, ही तिची मर्जी न्हाई. तिला दाबलंय."

"कुनी?" राघोबा काका ताठ बसले. "नाव सांग, तमा. आत्ता हितं उभा करतो. असं कुनी केलं असंल तर त्याला मी सोडनार न्हाई."

माझ्या नवऱ्यानं सगळीकडे बघितलं. चंद्रम्मा होती, तिनं फक्त तिची गिरणी चालवली नव्हती. दुकानदार होता, त्यानं फक्त साखर विकली नव्हती. बांधावर थांबलेले होते, ते फक्त स्वतःच्या रानात उभे होते. प्रत्येकानं एवढंसंच केलं होतं, आणि तेही स्वतःपुरतं. सुनीलकुमारचं तोंड उघडं होतं, पण त्यातून नाव येत नव्हतं.

मग मीच बोलले. बायकांतून, उठून. "समद्यांनी."

"समदे म्हंजे कोन, पोरी?" काका माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले. "मानसं एकेक असत्यात. समदे म्हनून कुनी नसतंय. तुझ्या नवऱ्याचं पुस्तकच सांगतंय."

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं काहीतरी म्हणावं, पुस्तकातलं नाहीतर पोटातलं, शिवी तरी द्यावी. तो खाली बसला.

प्रतीक्षा पुढं झाली. ताटातला भंडारा तिनं मुठीत घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "माझ्या मर्जीनं." तिनं नेमका आवाज काढला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. माउली मामा कोपऱ्यात बसला होता, त्यानं मान आणखी खाली घातली.

देवळात एकदम गलका झाला. लोक सुटल्यासारखे हसायला, बोलायला लागले. इतके दिवस त्यांनाही जड गेलं असणार, मला कळतं ते. कुणी सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी सुनीलकुमारला मिठी मारली. चहाची किटली आली. चंद्रम्मा माझे दोन्ही हात धरून रडत होती आणि म्हणत होती, उद्या दळण घेऊन ये, पैसे घेणार नाही. माझ्या हातात कुणीतरी चहा दिला. मला तो तिच्या तोंडावर फेकावासा वाटला. मी प्याले. माझ्या नवऱ्यानंही घेतला, गार झाल्यावर.

लग्न आमच्या दारातच करायचं ठरलं. गावातल्या सगळ्या बायका हळद दळायला आल्या, कुणाला बोलवावं लागलं नाही. सासऱ्यांची उरलेली मेंढरं ज्याच्या त्याच्या रानात चरत होती. राजूबाई लेकीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना मिठी मारून रडली. सासूबाई रडल्या नाहीत, लाकडासारख्या उभ्या राहिल्या. नर्सिंगच्या कॉलेजातून प्रतीक्षाला फोन येत होते, तिनं फोनच बंद करून टाकला.

हळदीच्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते. खोलीत आम्ही दोघीच. बाहेर बायका गाणी म्हणत होत्या. मी म्हटलं, अजून वेळ आहे, मागच्या दारानं निघ, मी बघते काय व्हायचं ते. मी हे मनापासून म्हटलं होतं. तिनं माझा हात केसांतून काढून धरून ठेवला.

"कुनी हात धरून वडलं असतं तर बरं झालं असतं, वैनी," ती म्हणाली. "मी पळून तरी गेले असते."

बाहेरून हाक आली. ती उठली, पदर नीट केला आणि पाटावर जाऊन बसली.